जात्यापासून चिऱ्यापर्यंत

तुमच्या घरी आजीच्या वेळचे जाते किंवा पाटा-वरवंटा असेल, तर त्यावर एकदा हात फिरवून पाहा. तो काळा, जड दगड म्हणजे थिजलेला लाव्हारस आहे! सातारा-सांगलीकडे घराचा पाया, विहिरीचे बांधकाम, रस्त्याची खडी, सारे याच बेसाल्ट दगडाचे. मग एवढा लाव्हा ओकणारा ज्वालामुखी गेला कोठे? हे पाहण्यासाठी आपण चांदोलीला जाऊ.

वारणेच्या उगमाकडील खोऱ्यात, सातारा, सांगली, कोल्हापूर आणि रत्नागिरी हे चार जिल्हे जेथे जवळ येतात, तेथे सुमारे ३१७ चौरस किलोमीटरचे चांदोली राष्ट्रीय उद्यान आहे. १९८५ मध्ये हे अभयारण्य झाले, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान. २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात मोडते. म्हणून वनखात्याची परवानगी आणि वाटाड्या यांच्यावाचून येथे पाऊल टाकायचे नाही. पावसाळ्यात उद्यान बंद असते, हे शिक्षकांनी सहल ठरवताना ध्यानात ठेवावे.

झोळंबीच्या सड्याकडे चढताना जरा थांबून खोऱ्यापलीकडचा डोंगर न्याहाळा. उभा कडा, मग झाडीची आडवी पट्टी, त्यावर पुन्हा कडा. जणू राक्षसाचा जिना! जिन्याला स्वीडिश भाषेत ‘ट्राप्पा’ म्हणतात. त्यावरूनच या खडकांना ‘ट्रॅप’ हे नाव पडले. आता नीट पाहा. अलीकडच्या आणि पलीकडच्या पायऱ्या जवळजवळ एकाच उंचीवर आहेत ना? म्हणजे हे थर पूर्वी सलग होते आणि मधले खोरे पाण्याने कोरून काढले. आपण चढतो आहोत तो ज्वालामुखीचा सुळका नव्हे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी जमिनीतील लांबच लांब भेगांतून लाव्हा पुन्हा पुन्हा वर आला आणि थरावर थर पसरत गेला.

हा ढीग आहे तरी किती जाड? कोयनेजवळ गोठणे येथे शास्त्रज्ञांनी ३ किलोमीटर खोल छिद्र पाडले, ते २०१७ मध्ये पूर्ण झाले. सुमारे १२५० मीटरपर्यंत बेसाल्टच लागला, त्याखाली थेट ग्रॅनाइट! छिद्र पाडले ते मात्र भूकंपांच्या अभ्यासासाठी. ११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेला मोठा भूकंप झाला, म्हणून येथे ज्वालामुखी जागा आहे असे पुष्कळांना वाटते. तसे मुळीच नाही. तेथील भूकंपांचा संबंध शास्त्रज्ञ जुन्या भेगा आणि धरणातील पाणी यांच्याशी जोडतात.

वाटेवरचा एखादा उघडा कडा जवळून पाहा. थराचा मधला भाग घट्ट असतो, जात्याला योग्य. वरचा भाग सच्छिद्र; लाव्हारसातून सुटलेल्या वायूचे बुडबुडे तेथे अडकले. पुष्कळ छिद्रांत मागाहून पांढरी खनिजे भरली आहेत. हातोडी मात्र घरीच ठेवा!

पण मला सर्वांत मोलाचा वाटतो तो दोन थरांमध्ये कधीकधी दिसणारा तांबडा पट्टा. असतो हातभर जाड, कोणी लक्षही देत नाही. एक थर निवल्यावर दुसरा येईपर्यंत ऊन-पावसाने दगड कुजला, त्याची माती झाली, आणि नव्या लाव्हाने ती भाजून काढली. काळे थर उद्रेक सांगतात, तांबडा पट्टा मधली शांतता सांगतो.

सड्यावर पोहोचलात की दगडच बदलतो. पायाखाली तांबूस, खरबरीत, चाळणीसारखा जांभा! कोकणात घरांसाठी चिरे काढतात, तोच. हा निराळा लाव्हा नव्हे. लाखो वर्षांच्या उष्ण, दमट हवेत बेसाल्टमधील सिलिका पाण्याबरोबर वाहून गेली आणि लोह व ॲल्युमिनियम यांची संयुगे मागे उरली. पाऊस म्हणाल, तर याच रानातले पाथरपुंज अतिवृष्टीसाठी प्रसिद्ध आहे. सड्यावर माती बोटभरच, तीही खळग्यांतून. तेव्हा मळलेली वाट सोडू नका.

उतरताना एक करा. दोघांनी मिळून समोरच्या डोंगराच्या पायऱ्या मोजा आणि वहीत चित्र काढा. तुमचे आकडे जुळले नाहीत, तर एकाने झाडीखाली लपलेली पायरी सोडली असेल. ती कोठे, ते शोधा.