पाणी मोजणारी माणसं

धरणाच्या भिंतीवर कोनशिला असते. तिच्यावर उद्घाटन करणाऱ्या मंत्र्याचं नाव असतं, मुख्य अभियंत्याचं असतं, कधी कधी ठेकेदाराचंही असतं. त्याच धरणाच्या कालव्यावर, चारीच्या तोंडाशी, आकडे रंगवलेली एक पट्टी उभी असते. ती रोज वाचून वहीत टिपणाऱ्याचं नाव कुठंच नसतं. पाटबंधाऱ्याच्या कामात माझी सगळी नोकरी या पट्टीच्या बाजूनं गेली, त्यामुळं माझं मत थोडं एकतर्फी वाटेल. तरी सांगतो. महाराष्ट्रातलं पाण्याचं काम बांधणाऱ्यांनी उभं केलं. ते टिकवायचं असेल तर मोजणाऱ्यांना मान द्यावा लागेल.

बांधणाऱ्यांचं ऋण नाकारण्यात अर्थ नाही. पुण्याजवळचं खडकवासला धरण १८७९ साली पुरं झालं, प्रवरेवरचं भंडारदरा १९२६ साली. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातून पहिले आलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या १८८४ मध्ये मुंबई इलाख्याच्या बांधकाम खात्यात रुजू झाले. त्यांनी खडकवासल्याच्या सांडव्यावर स्वयंचलित दरवाजे बसवले आणि भिंतीची उंची न वाढवता साठा वाढवला. अभियंता दिनाच्या भाषणांत ही गोष्ट हमखास येते. त्यांचंच दुसरं काम मात्र क्वचित आठवतं. नीरा कालव्यावर त्यांनी ब्लॉक पद्धत आणली. पाणी विखुरलेल्या शेतांना न देता ठरावीक गटांना, ठरावीक वर्षांसाठी मंजूर करायचं आणि गटात ऊस किती, हंगामी पिकं किती, हेही बांधून द्यायचं. म्हणजे या थोर बांधणाऱ्यालाही कळलं होतं की खरी डोकेदुखी भिंतीच्या खाली, वाटपात आहे.

खानदेशात ही डोकेदुखी लोकांनी त्याच्या कितीतरी आधी सोडवली होती. पांझरा, मोसम, गिरणा यांच्या काठी जुने दगडी बंधारे आहेत आणि त्यांच्यावर फड पद्धत चालायची. गावाच्या भिजणाऱ्या जमिनीचे मोठाले फड पाडायचे, एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं आणि पिकांची फिरत दरवर्षी बदलायची. प्रत्येकाचा तुकडा शक्यतो प्रत्येक फडात असल्यानं एकाचं भिजलं आणि दुसऱ्याचं वाळलं, असं होत नसे. हे चालवायला पगारी माणसं होती. पाटकरी पाणी द्यायचा, जागल्या राखण करायचा, हवालदार सगळ्यांवर देखरेख ठेवायचा. शेतकऱ्यानं स्वतः पाटाला हात लावायचा नाही, हा नियम. पाटकऱ्याला कोणती जमीन किती वेळात भिजते, कुठल्या वळणावर पाट फुटतो, हे तोंडपाठ असे. आज आपण ज्याला तज्ज्ञ म्हणतो तो हाच. फक्त त्याच्याकडे पदवी नव्हती.

आता पट्टीकडे येतो. कालव्यातलं पाणी मोजायला आपल्याकडे पुष्कळ ठिकाणी पार्शल फ्ल्यूम असतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडोत राल्फ पार्शल या अभियंत्यानं १९२०च्या दशकात ते विकसित केलं. चारी एका जागी अरुंद करायची, तळाला विशिष्ट उतार द्यायचा, म्हणजे त्या गळ्यातून जाणाऱ्या पाण्याची उंची आणि त्याचा विसर्ग यांचं नातं पक्कं होतं. मग नुसती पट्टी वाचली की पाणी किती चाललंय ते कळतं. यात गोम अशी की उंची आणि विसर्ग एका चालीनं वाढत नाहीत. एक फूट गळ्याच्या फ्ल्यूममध्ये पट्टीवर अर्धा फूट पाणी असेल, तर सेकंदाला सुमारे ३९ लिटर पाणी जातं. तेच इंचभर वर चढलं की सुमारे ५० लिटर. तासाचा हिशेब केला तर फरक जवळजवळ चाळीस हजार लिटरचा, म्हणजे दहा हजार लिटरचे चार टँकर. गळ्याच्या खाली गाळ साचला, पाणी तुंबून उलट दाबू लागलं, की तीच पट्टी पाणी फुगवून दाखवते. शेतकऱ्याच्या वाट्याला न आलेल्या पाण्याची पाणीपट्टी आकारली जाते आणि भांडण सुरू होतं. म्हणून ज्याला गाळ काढायला लावायचं कळतं, तोच खरा मोजणारा.

आमच्या शाखेत एक जुने कालवा निरीक्षक होते. फ्ल्यूम मोडकं असेल तिथं ते काठावर अंतर मोजून दोन खुंट्या ठोकत, वरच्या खुंटीपाशी वाळलेली काटकी पाण्यात सोडत आणि घड्याळ हातात धरून तिच्याबरोबर चालू लागत. काटकी खालच्या खुंटीला लागली की वेग निघाला. मग कालव्याची रुंदी, खोली आणि वेग यांचा गुणाकार. नव्यानं आलेल्या पोरांना ते बजावायचे, "रावसाहेब, वरचं पाणी मिरवतं, खालचं चालतं. शेकडा पंधरा कापा." पृष्ठभागाचा वेग सरासरी वेगापेक्षा जास्त असतो, तो साधारण ०.८५ नं गुणून घ्यायचा, असं पुस्तकात दिलेलं असतं. त्यांना ते पाठ नव्हतं, अंगवळणी होतं. आवर्तन सुटलं की शेजपाळीचा, म्हणजे कुणाला कधी पाणी द्यायचं याचा, कार्यक्रम हातात घेऊन ते आधी टेलला, कालव्याच्या शेवटाला, जात. पाणी शेवटच्या शेतकऱ्यापासून वर मोजत यायचं, हा आमचा शिरस्ता. वरचा शेतकरी कालव्याला खेटून असतो, त्याला पाणी मिळवायला कुणाची गरज नसते. टेलच्या माणसाला मात्र निरीक्षकाशिवाय वाली नसतो.

त्या टेलच्या माणसांनीच पुढं एक धडा घालून दिला. नाशिक जिल्ह्यात दिंडोरी तालुक्यात वाघाड धरण आहे. त्याच्या कालव्याच्या शेपटाला ओझरचे शेतकरी. कागदावर त्यांची जमीन ओलिताखाली होती, पाणी मात्र पोचत नव्हतं. समाज परिवर्तन केंद्राचे बापूसाहेब उपाध्ये आणि भरत कावळे यांनी १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला तिथं पाणीवापर संस्था उभ्या केल्या. मागणी साधी होती: आम्हाला पाणी मोजून द्या, आम्ही पैसे मोजून देतो, आत कसं वाटायचं ते आमचं आम्ही बघतो. एकरावर आकारणी असली की किती पाणी घेतलं याला महत्त्व राहत नाही. घनमीटरवर आकारणी झाली की प्रत्येकजण पट्टीकडे बघायला लागतो. संस्थांनी आपली माणसं नेमली, हिशेब ठेवले, बंधाऱ्यांत आणि विहिरींत मुरवलेलं पाणीही जमेस धरलं. पुढं साऱ्या प्रकल्पावर अशा संस्था झाल्या आणि त्यांचा महासंघ झाला. २००५ साली राज्यानं सिंचन पद्धतीचं व्यवस्थापन शेतकऱ्यांकडे देणारा कायदा केला. पाणी घनमापन पद्धतीनं द्यायचं, हे त्याचं मर्म आहे.

हे झालं डोळ्यांना दिसणारं पाणी. न दिसणाऱ्या पाण्याची माणसं वेगळी. राज्याचा चार पंचमांशाहून जास्त भाग काळ्या पत्थराचा, बेसॉल्टचा. हा खडक लाव्ह्याच्या थरांवर थर बसून झालाय. काही थर कडक, काही सच्छिद्र, काही भेगाळलेले. पाणी राहतं ते वरच्या मुरमात आणि भेगांमध्ये. म्हणून एकाच्या विहिरीला पाझर असतो आणि बांधापलीकडे तीनशे फूट बोअर मारूनही नुसती धूळ उडते. अशा वेळी लोक पाणाड्याला बोलावतात. तो हातात नारळ घेऊन रानात फिरतो आणि जागा दाखवतो. लागलं तर त्याचं नाव होतं, नाही लागलं तर शेतकऱ्याचं नशीब.

१९७२च्या दुष्काळाच्या साली राज्यात भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा सुरू झाली आणि पाण्याच्या खात्यात पहिल्यांदाच भूवैज्ञानिकांची फौज आली. तिनं राज्याचे दीड हजारांवर पाणलोट पाडले आणि साडेतीन हजारांहून अधिक निरीक्षण विहिरी ठरवल्या. वर्षातून चारदा, पावसाळा सरल्यावर, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मे महिन्यात, त्यांची पातळी मोजली जाते. विहिरीच्या काठावर खूण केलेली असते, तिथून टेप सोडायची, पाण्याला टेकली की आकडा टिपायचा. काम पाच मिनिटांचं. पण एकाच विहिरीचा वर्षानुवर्षांचा आकडा हाताशी असेल, तरच यंदा पाणी खरंच खाली गेलंय की नेहमीचाच उतार आहे, हे सांगता येतं. टंचाईचा अंदाज या आकड्यांवर बांधला जातो. पाणाड्या एक जागा सांगतो. भूवैज्ञानिक सांगतो की या पाणलोटात आता नवी विहीर नको. हे दुसरं सांगणं कुणालाच गोड लागत नाही.

ते गोड करून घेण्याची हातोटी महाराष्ट्रात दोन माणसांनी दाखवली. विलासराव साळुंखे पुण्यातले उद्योजक. त्यांचा कारखाना अचूक मापनाच्या उपकरणांचा. बहात्तरच्या दुष्काळानंतर ते पुरंदर तालुक्यातल्या नायगावला गेले आणि पाणी पंचायत सुरू केली. पाणी जमिनीवर नाही, माणशी मिळेल, कुटुंबाला अडीच एकरांच्या वर नाही, भूमिहीनालाही हक्क, उसाला नाही. मापाची सवय असलेल्या माणसालाच असा नियम सुचावा. दुसरे हिवरे बाजारचे पोपटराव पवार. त्यांच्या गावात पाऊस संपला की ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतात. हजार हेक्टरच्या शिवारात एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक कोटी लिटर पाणी. त्यातलं उडालं किती, वाहून गेलं किती, मुरलं किती, हे काढायचं. माणसं आणि जनावरं यांचं पिण्याचं पाणी आधी बाजूला ठेवायचं आणि उरलेल्यात कोणतं पीक बसतं ते ठरवायचं. पाऊस कमी झाला तर जास्त पाण्याची पिकं त्या वर्षी बंद. चौथीतल्या मुलाला येईल असं हे गणित आहे. ते पाळायला मात्र सबंध गाव लागतं.

संस्थांच्या इतिहासातही बांधण्याकडून मोजण्याकडे जाणारा हाच प्रवास दिसतो. खडकवासल्याच्या केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्राचं मूळ १९१६चं, नाशिकच्या मेरीची, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेची, स्थापना १९५९ची. दोन्ही ठिकाणी मुख्य विषय अभियांत्रिकीचे. १९८० साली औरंगाबादला वाल्मी, म्हणजे जल व भूमी व्यवस्थापन संस्था, निघाली, तेव्हा अभियंत्यांच्या शेजारी कृषितज्ज्ञ आणि समाजशास्त्राचे लोकही बसवले गेले. १९९३ मध्ये स्टॉकहोम जल पुरस्कार मिळालेले माधवराव चितळे स्थापत्य अभियंतेच, पण त्यांच्या अध्यक्षतेखालच्या जल व सिंचन आयोगानं १९९९ च्या अहवालात पाण्याकडे नदीखोऱ्याच्या अंगानं बघायला लावलं. २००५ मध्ये जलसंपत्ती नियमन प्राधिकरण आलं, त्यात अभियंत्याच्या बरोबरीनं जलअर्थशास्त्राचा जाणकार सदस्य घेण्याची तरतूद झाली.

कागदावर बदल झाला. बांधावर तो अजून अर्धाच पोचलाय. कालवा निरीक्षक, मोजणीदार, कालवा चौकीदार ही पदं निवृत्तीबरोबर रिकामी होतात आणि रिकामीच राहतात. एकेका माणसाकडे दोन-तीन शाखांचा भार असतो. मग पट्टी वाचायला कुणी जात नाही आणि वहीत कालचाच आकडा आज उतरतो. पुष्कळ ठिकाणी फ्ल्यूम गाळानं भरलेत, पट्ट्यांचा रंग उडालाय. आता उपग्रहाची चित्रं आहेत, स्वयंचलित सेन्सर आहेत आणि त्यांचा उपयोगही मोठा आहे. पण सेन्सरखालचा गाळ सेन्सर काढत नाही, आणि टेलच्या शेतकऱ्याची तक्रार उपग्रहाला ऐकू येत नाही. नवी साधनं घ्यावीत, पण ती हाताळणारी माणसं आधी भरावीत. एखाद्या मोठ्या धरणाच्या खर्चाच्या मानानं हा खर्च अगदीच किरकोळ आहे.

वाचकांना दोन कामं सांगतो. तुमच्या शिवारातून कालवा जात असेल तर पुढच्या आवर्तनात चारीच्या तोंडाशी जा, पट्टी वाचा आणि तुमच्या संस्थेच्या वहीतला आकडा तिच्याशी ताडून बघा. कालवा नसेल तर तुमच्या पाणलोटातली निरीक्षण विहीर कुठली आहे ते ग्रामपंचायतीत विचारा आणि तिच्या पातळीचे आकडे ग्रामसभेत वाचून दाखवायला लावा. घरातलं कुणी भूशास्त्र, कृषी किंवा संख्याशास्त्र शिकत असेल, तर त्याला या क्षेत्रात यायला सांगा. इथं भिंती बांधणारे पुष्कळ झाले. हिशेब ठेवणारे कमी पडतायत.