घरच्या कामाला मगरिब कधी?

रमजानच्या दिवसांत सोलापूरच्या विजापूर वेशीत दुपारनंतर पाय ठेवायला जागा नसते. खजूर, टरबुजाच्या फोडी, शेवयांचे ढीग, बांगड्यांच्या गाड्या आणि त्यातून वाट काढणाऱ्या रिक्षा. तिथून चार गल्ल्या आत, एका घराच्या माडीवरचं दार मात्र सायंकाळपर्यंत लावलेलं असतं. आत एक तिशीची मुलगी लॅपटॉपसमोर बसलेली असते. सासर सोलापूरचं, नोकरी पुण्यातल्या हिंजवडीची. सॉफ्टवेअर ग्राहकाच्या हाती जाण्याआधी त्यातल्या चुका शोधायच्या, हे तिचं काम. २०२०च्या टाळेबंदीत ती पुण्याहून सामान घेऊन आली आणि तेव्हापासून कंपनीचं काम याच माडीवरून चाललं आहे. लग्न झालं, मूल झालं, नोकरी टिकली.

यंदा रोजे सुरू होण्याच्या आठवड्यात तिला ऑफिसचा मेल आला. पुढच्या तिमाहीपासून आठवड्यातले तीन दिवस पुण्यात हजर राहायचं. चार वर्षांच्या मुलाला घेऊन पुण्यात खोली करायची, मुलाला इथे ठेवून जायचं की राजीनामा द्यायचा, हा प्रश्न तेव्हापासून त्या घरात सहेरीलाही असतो आणि इफ्तारलाही.

या घरात ‘घरून काम’ ही काही नवी गोष्ट नाही. तिच्या सासूबाईंनी पस्तीस वर्षं विड्या वळल्या. सोलापुरात तेलुगू, मराठी, मुस्लिम अशा सगळ्या वस्त्यांमधल्या हजारो बायकांनी याच कामावर घरं चालवली; कुंभारीची दहा हजार घरांची गोदूताई परुळेकर वसाहत त्यांच्यासाठीच उभी राहिली. सकाळी कारखान्याच्या शाखेतून पानं आणि तंबाखू मोजून आणायची, मांडीवर सूप घेऊन दिवसभर वळायचं आणि ठरल्या वेळी हजाराच्या हिशोबाने विड्या परत द्यायच्या. मधे किती वेळा उठून भाजी ढवळली, किती वेळा पोराला झोपवलं, हे कोणी विचारत नसे. विडी बरोबर वळली आहे ना, संख्या भरली आहे ना, एवढाच सवाल.

हे चित्र गोड वाटेल, पण त्याची दुसरी बाजूही सासूबाईंना पाठ आहे. तपासनिसाची मर्जी फिरली की पुडक्यातल्या विड्या खराब म्हणून बाजूला पडत आणि तेवढी मजुरी बुडे. संख्या भरायची म्हणून शाळेतून आलेल्या मुलीही पानं कातरायला बसत. त्यांचा हिशोब कुठल्याच वहीत नसे. आणि काम कधी संपायचं? हजार पूर्ण झाले की. मग रात्रीचे दहा वाजोत की बारा. १९६६च्या विडी व सिगार कामगार कायद्याने घरी बसून विड्या वळणाऱ्या बाईलाही ‘कामगार’ मानलं आणि कच्चा माल, खराब ठरवलेल्या विड्या, मजुरी यांवरून होणारे वाद सोडवण्याची सोय केली, कारण या गोष्टी मालकाच्या मर्जीवर सोडून चालत नाहीत हे तोवर कळून चुकलं होतं. लॅपटॉपवाल्या कंपन्या आज तेच धडे पहिल्यापासून गिरवताहेत. त्यांनी एकदा सोलापूरच्या एखाद्या विडी कामगार बाईला व्याख्यानाला बोलवायला हरकत नाही.

घरून काम नीट होतं का, याचा शोध कोरोनाच्या कितीतरी आधी चीनमध्ये घेतला गेला. शांघायच्या ‘सीट्रिप’ या प्रवास कंपनीला २०१०मध्ये ऑफिसच्या जागेचं भाडं जड जाऊ लागलं. कंपनीने स्टॅनफर्ड विद्यापीठाचे निकोलस ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांसोबत एक प्रयोग केला. कॉल सेंटरमधल्या ज्यांना घरून काम करायचं होतं, त्यांच्यातून जन्मतारीख सम की विषम यावर निवड झाली. एक गट नऊ महिने आठवड्याचे चार दिवस घरी, दुसरा पूर्णवेळ ऑफिसात. घरच्या गटाचं काम १३ टक्क्यांनी वाढलं. त्यातली बरीचशी वाढ कमी सुट्ट्या आणि कमी विश्रांती यांतून आली होती. नोकरी सोडणाऱ्यांचं प्रमाण निम्म्यावर आलं. व्यवस्थापकांना आणखी काय हवं?

पण गोष्ट तिथे थांबली नाही. प्रयोग संपल्यावर सगळ्यांना पुन्हा निवड करू दिली, तेव्हा निम्म्याहून जास्त लोकांनी बाजू बदलली. घरी बसलेल्यांपैकी बरेच जण ऑफिसात परतले, कारण एकटेपणा खायला उठत होता. शिवाय तेवढंच चांगलं काम करूनही घरच्या माणसांना बढती कमी मिळाली होती. डोळ्यांसमोर नसलेला माणूस साहेबाच्या लक्षात राहत नाही. गंमत अशी की, ज्याला जिथे मानवतं तिथे बसू दिल्यावर फायदा १३ वरून २२ टक्क्यांच्या आसपास गेला. म्हणजे घर चांगलं की ऑफिस चांगलं, हा वादच चुकीच्या जागी चालला आहे. कोणाचं काम, कोणाचं घर, हे आधी पाहावं लागतं.

सोलापुरातच याचं उदाहरण सापडतं. याच गल्लीतला एक तरुण, शिक्षण आणि क्षेत्र तेच, घर मात्र दोन खोल्यांचं आणि माणसं सात. टाळेबंदीत तो जिन्यावर बसून मीटिंगा करायचा. ऑफिस उघडल्याच्या पहिल्या सोमवारी तो पुण्याला गेला आणि आजही घरून काम म्हटलं की हात जोडतो. त्याला ऑफिस म्हणजे एक टेबल, एक खुर्ची आणि शांतता. नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणाऱ्या शहरात, ज्या दिवशी पाणी येतं त्याच वेळी ग्राहकाचा कॉल लागणं म्हणजे काय, हे पुण्या-मुंबईच्या मनुष्यबळ विभागाला समजावून सांगणं कठीण आहे.

मधला मार्ग म्हणजे काही दिवस घर, काही दिवस ऑफिस. सीट्रिपनेच, आता ‘ट्रिप डॉट कॉम’ या नावाने, २०२१-२२मध्ये १,६१२ पदवीधर कर्मचाऱ्यांवर हा प्रयोग केला. आठवड्याचे दोन दिवस घरी. त्याचे निष्कर्ष २०२४मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात आले. कामाच्या मूल्यमापनात फरक पडला नाही, बढत्यांतही नाही, आणि नोकरी सोडणं एक तृतीयांशाने घटलं. सर्वात मोठा फरक पडला तो स्त्रियांमध्ये, लांबून येणाऱ्यांमध्ये आणि हाताखाली माणसं नसलेल्या साध्या कर्मचाऱ्यांमध्ये. विजापूर वेशीच्या त्या माडीवर यातल्या तिन्ही गोष्टी एकाच खुर्चीत बसलेल्या आहेत.

भारतीय कंपन्यांचं मन या काळात बरंच फिरलं. ‘टीसीएस’ने २०२०मध्ये जाहीर केलं होतं की २०२५पर्यंत २५ टक्क्यांहून अधिक कर्मचाऱ्यांना ऑफिसात यायची गरज उरणार नाही. २०२३च्या अखेरीस तिथल्या कर्मचाऱ्यांना पुन्हा आठवड्याचे पाचही दिवस बोलावलं गेलं. याला नुसती साहेबी हौस म्हणून उडवून लावता येत नाही. नव्या पोरांचं काय करायचं, ही व्यवस्थापकांची तक्रार खरी आहे. कॉलेजातून थेट आलेला मुलगा शेजारच्या टेबलावरच्या ताईला विचारत विचारत शिकतो. पडद्यावर विचारायला तो लाजतो, कॅमेरा बंद ठेवतो, चुकतो आणि चूक लपवतो. ‘नेट गेलं होतं’ हे कारण किती वेळा खरं असतं, हेही सर्वांना ठाऊक आहे.

घरून काम करणारा आळशी होतो, ही समजूत मात्र तपासून घ्यावी लागेल. आशियातल्या एका मोठ्या आयटी कंपनीतल्या दहा हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांच्या नोंदी २०२०मध्ये अभ्यासल्या गेल्या. लोक घरून जास्त तास काम करत होते. नेहमीच्या वेळेनंतरचं काम १८ टक्क्यांनी वाढलं होतं. तरी हाती येणारं काम किंचित घटलंच. वेळ गेला कुठे? मीटिंगांत. ऑफिसात मान वर करून विचारायची गोष्ट घरून अर्ध्या तासाचा कॉल होते आणि सलग बसून करायच्या कामाला तास उरत नाही. मुलं घरात असलेल्यांची अवस्था आणखी वाईट होती.

तो संपूर्ण टाळेबंदीचा काळ होता, हे खरं. पण मुलं घरात असलेल्या बाईचं काय होतं, ते समजायला टाळेबंदीची गरज नाही. केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटं खर्च करताना दिसतात, पुरुष ८८. सून घरात आहे म्हणजे मोकळी आहे, अशी समजूत सगळ्याच धर्मांच्या घरांत आहे. रमजानमध्ये तर पहाटे चारला उठून सहेरी, साडेनऊला ऑफिस, दुपारी मुलाचं जेवण, चारपासून इफ्तारची तयारी. या घरात सासूबाईंनी पहिल्याच वर्षी एक नियम केला, दार लावलं की दुल्हन पुण्यात आहे. शेजारणींना तो नियम पटायला सहा महिने लागले. नवऱ्याला जरा जास्तच. घरून काम यशस्वी करण्यासाठी कंपनीने काय करावं यावर पुष्कळ लिहिलं जातं. घराने काय करावं यावर कोणी लिहीत नाही.

कंपन्यांनी त्यावर शोधलेला उपाय फारसा शहाणपणाचा नव्हता. माऊस किती हलला, स्क्रीन किती वेळ जागी होती हे मोजणारी सॉफ्टवेअर आली. लगेच माऊस आपोआप हलवणारी खेळणीही बाजारात आली. रोजा ठेवणाऱ्याला हा प्रकार थोडा हास्यास्पद वाटतो. बंद खोलीत घोटभर पाणी प्यायलं तर कोणाला कळणार आहे? तरीही कोणी पीत नाही. रोजा ही माणूस आणि त्याचा अल्लाह यांच्यातली अमानत आहे. नोकरी अर्थातच इबादत नाही, तिथे पगार घ्यायचा असतो आणि हिशोब द्यायचा असतो. पण तो हिशोब विडीसारखा मोजावा, हललेल्या बोटांचा मोजू नये.

रोजाची दुसरी गोष्ट या चर्चेत अधिक कामाची आहे. रोजाला शेवट असतो. पहाटे अमुक मिनिटाला सुरू, मगरिबच्या अजानला संपला. त्यानंतर उपाशी राहणं पुण्याचं नाही, उलट इफ्तारला उशीर करू नये अशीच शिकवण आहे. घरच्या कामाला अशी मगरिब नसते. पूर्वी गिरणीचा भोंगा वाजला की सोलापूर घरी परतत असे. लॅपटॉपला भोंगा नाही. फ्रान्सने २०१७पासून कामाच्या वेळेनंतर संपर्काबाहेर राहण्याचा हक्क कायद्यात आणला. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८मध्ये तसं खासगी विधेयक लोकसभेत मांडलं, पण त्याचा कायदा झाला नाही. बाळंतपणाच्या रजेनंतर काही काळ घरून काम करण्याची तरतूद २०१७च्या मातृत्व लाभ दुरुस्तीत आहे खरी, तीही कामाचं स्वरूप आणि मालकाची संमती यांवर अवलंबून. बाकी सगळं साहेबाच्या स्वभावावर.

संयुक्त अरब अमिरातीत रमजानमध्ये खासगी कंपन्यांनाही रोजचे कामाचे तास दोनने कमी करावे लागतात. रोजा असो वा नसो, सगळ्यांसाठी. दुबईत नोकरीला असलेल्या कोकणातल्या घरांना हे चांगलं माहीत आहे. पुण्याच्या त्या टीममध्ये असा कायदा नाही, पण एक रीत पडली आहे. सायंकाळी सव्वासहाची रोजची बैठक रमजानपुरती दुपारी चारला घेतली जाते. बदल्यात दिवाळीच्या चार दिवसांत ग्राहकाचा फोन आला तर तो सोलापुरात उचलला जातो आणि गणपतीत गावी जाणाऱ्या रत्नागिरीच्या सहकाऱ्याचं कामही. हे कुठल्याही धोरणात लिहिलेलं नाही. त्यामुळे टीमचा प्रमुख बदलला तर ते राहील की नाही, कोणी सांगू शकत नाही.

म्हणूनच मेलला उत्तर देताना तिने विनवणी केली नाही, एक तक्ता पाठवला. महिन्याचा पहिला आठवडा पूर्ण पुण्यात, सगळी टीम एकत्र असताना. नव्या दोन मुलांना शिकवायची जबाबदारी त्याच आठवड्यात तिच्याकडे. उरलेले तीन आठवडे सोलापुरातून, दहा ते सहा, सहानंतर फक्त तातडीचे फोन. कोणतं काम कोणत्या तारखेला देणार, ते समोरच्या रकान्यात. इन्व्हर्टर आणि दुसरं इंटरनेट तिच्या खर्चाने, आणि वर्षाअखेरीच्या मूल्यमापनात हजेरीचे दिवस नव्हे तर हे रकाने पाहिले जावेत, ही अट. तक्ता लिहिताना सासूबाई शेजारी बसल्या होत्या. खराब कामाचं कोण ठरवणार ते पण लिही, एवढं त्यांनी सुचवलं. तो रकाना मग वाढवला गेला.

उत्तर आलं ते एका ओळीचं. ईदनंतरच्या सोमवारी समोरासमोर बोलू. हुतात्मा एक्स्प्रेस सकाळी लवकर सुटते, चार तासांत पुणे. जाण्याचं तिकीट काढून झालं आहे. परतीचं अजून काढलेलं नाही, कारण बोलणं किती लांबेल याचा अंदाज नाही.

सहा वाजून गेले की माडीवरचं दार उघडतं. खाली दस्तरखानावर खजूर, भजी, कलिंगड मांडलेलं असतं आणि सासूबाई जिन्याकडे बघून रोजचा प्रश्न विचारतात, “सुट्टी हुई क्या, दुल्हन?”