तीच मुले, पुन्हा पुन्हा
(मोजपट्टी आणि मूल : लेखांक ५)

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या चौथ्या फेरीत (२०१५-१६) देशातील पाच वर्षांखालील ३८.४ टक्के मुलांची उंची वयाच्या मानाने कमी भरली होती. पाचव्या फेरीत (२०१९-२१) हे प्रमाण ३५.५ टक्क्यांवर आले. सुधारणा दिसते, पण दोन्ही वेळा मोजलेली मुले वेगवेगळी होती. पहिल्या खेपेला खुरटलेले मूल पुढे सावरले की शाळेतूनच गळाले, याचे उत्तर त्या तक्त्यांत सापडत नाही.

ते हवे असेल तर एकाच मुलाच्या दारात वर्षानुवर्षे जावे लागते.

ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या ‘यंग लाइव्हज’ प्रकल्पाने हा खटाटोप २००२ साली सुरू केला. इथिओपिया, पेरू, व्हिएतनाम आणि भारतातील आंध्र प्रदेश अशा चार ठिकाणची मिळून सुमारे १२ हजार मुले त्यासाठी निवडली गेली. प्रत्येक ठिकाणी दोन गट होते : २००१-०२ मध्ये जन्मलेली सुमारे दोन हजार मुले आणि त्यांच्याहून सात वर्षांनी मोठी सुमारे एक हजार. आंध्रात हैदराबादसह श्रीकाकुलम, पश्चिम गोदावरी, अनंतपूर, कडप्पा, करीमनगर आणि महबूबनगर हे जिल्हे निवडले होते. धाकट्या गटाची उंची-वजने पहिल्यांदा घेतली तेव्हा ती मुले जेमतेम वर्षाची होती. नंतर साधारण पाचव्या, आठव्या, बाराव्या आणि पंधराव्या वर्षी पुन्हा मोजमाप झाले.

यातले सर्वांत अवघड काम म्हणजे मूल पुन्हा शोधून काढणे. महबूबनगरचे मजूर बांधकामाच्या कामासाठी थेट मुंबईपर्यंत जातात, आणि घर हलले की मूलही हलते. सगळ्यांत गरीब कुटुंबेच यादीतून गळाली, तर उरलेल्यांची सरासरी आपोआप सुधारलेली दिसणार. म्हणून नवा पत्ता शोधणे हाही संशोधनाचाच भाग ठरतो. २०१४ मध्ये तेलंगणा वेगळा झाला, तरी मुले तीच राहिली. २०२० मध्ये कोविडमुळे दारे बंद झाली, तेव्हा त्यांच्याशी फोनवरून बोलणे झाले.

एवढ्या चिकाटीतून हाती काय लागले? माध्यान्ह भोजनाचेच पाहा. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००१ मध्ये सरकारी शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला आणि आंध्रात ते २००३ च्या सुरुवातीला सुरू झाले. त्याच सुमारास तिथे दुष्काळ होता. अभिजित सिंग, अल्बर्ट पार्क आणि स्टेफान डेरकॉन या अभ्यासकांनी धाकट्या गटाची आधीची आणि नंतरची मापे शेजारी ठेवली. दुष्काळाची झळ लागलेल्या घरांतील मुलांची वाढ मागे पडली होती. शाळेत जेवू लागलेल्या मुलांनी ती तूट भरून काढली. एकदाच केलेल्या पाहणीत आधीचे मापच नसते, त्यामुळे हा निष्कर्ष तिच्यातून निघालाच नसता.

दोन गटांची तुलनाही बोलकी आहे. आठ वर्षांच्या वयात खासगी शाळेत असलेल्यांचे प्रमाण थोरल्या गटात २४ टक्के होते, धाकट्या गटात ते ४४ टक्के झाले. हा खर्च आईबाप मुलीपेक्षा मुलासाठी अधिक करत होते. शाळेत जाणाऱ्यांची एकूण संख्या वाढत असताना एकाच घरातल्या भावंडांमध्ये नवी दरी पडत होती, आणि पटावरच्या आकड्यांना तिचा पत्ता नव्हता.

या प्रकल्पाला मर्यादाही आहे. गरीब भाग मुद्दाम अधिक निवडल्यामुळे त्याचे आकडे राज्याची सरासरी म्हणून वापरता येत नाहीत. किती मुले गरीब आहेत हे सांगायला राष्ट्रीय पाहणीच लागते. कोणते मूल कशामुळे सावरले, हे सांगायला असा पाठपुरावा लागतो.

नावे-पत्ते वगळून ही सगळी माहिती अभ्यासकांसाठी खुली ठेवलेली आहे. महाराष्ट्रात अर्थशास्त्र किंवा पोषणशास्त्र शिकणाऱ्यांनी ती नोंदणी करून जरूर मागवावी आणि आपल्या जिल्ह्याविषयीचे प्रश्न तिच्यासमोर ठेवून पाहावेत.