'उद्या'बद्दल आज आपल्याला काय माहीत आहे?

आमच्यापैकी एक जण आठवीला इंग्रजी शिकवतो आणि दुसरा विज्ञान. गोष्ट इंग्रजीच्या तासाची आहे. फळ्यावर 'साधा भविष्यकाळ' असं शीर्षक होतं आणि त्याखाली 'शॅल' व 'विल' यांचा तक्ता. प्रत्येकानं उद्याबद्दल एक वाक्य सांगायचं होतं. 'आय शॅल गो टू स्कूल', 'आय शॅल प्ले क्रिकेट' अशी वाक्यं बाकामागून बाक येत गेली. एरवी इंग्रजीच्या तासाला मान वर न करणारी एक मुलगी उठली आणि म्हणाली, "आय ॲम गोइंग टू माय आंट्स हाउस टुमॉरो." आत्याकडे जायचं ठरलेलं होतं, त्याचा आनंद तिच्या आवाजात होता.

आम्ही म्हटलं, "हा तर चालू वर्तमानकाळ झाला. 'उद्या' आहे ना? मग 'आय शॅल गो' म्हण." तिनं तसं म्हटलं आणि ती खाली बसली. पुढे कितीतरी दिवस ती इंग्रजीत एक शब्दही बोलली नाही.

तिचं वाक्य बरोबर होतं. चूक आमची होती. ती कशी लक्षात आली आणि त्यातून आम्ही काय शिकलो, ते इथे सांगायचं आहे.

'येतो हं!'

त्याच दिवशी संध्याकाळी शाळेतून निघताना आमच्यातला एक जण नेहमीप्रमाणे म्हणाला, "चला, उद्या येतो हं!" आणि दारातच थबकला. 'उद्या' आणि 'येतो'! 'येतो' हे तर वर्तमानकाळाचं रूप. मराठीत आपण उद्याबद्दल बोलताना दर वेळी 'येईन' म्हणतो का? मुळीच नाही. "एसटी उद्या साडेसहाला सुटते", "मी परवा पुण्याला चाललोय", "पाऊस पडणार बघ", "बहुतेक तो येईल", इतकंच काय, "आलोच!" हे चक्क भूतकाळाचं रूप आपण अजून न घडलेल्या गोष्टीसाठी वापरतो. मराठीत हे सारं सहज चालतं, मग इंग्रजीत उद्यासाठी एकच साचा असेल असं आपण का मानतो?

खरं तर इंग्रजीची अवस्था याबाबतीत मराठीपेक्षा वेगळी आहे. मराठीत 'कर' या धातूला प्रत्यय लागून 'करीन, करशील, करील' अशी भविष्यकाळाची स्वतंत्र रूपं होतात. इंग्रजी क्रियापदाला काळाची रूपं दोनच, 'गो' आणि 'वेंट'. भविष्यासाठी वेगळं रूपच नाही. म्हणून अनेक भाषाशास्त्रज्ञ म्हणतात की इंग्रजीला भविष्य 'काळ' नाही, भविष्याबद्दल बोलण्याच्या अनेक 'रीती' आहेत. 'विल' ही त्यांतली एक. 'विल' या शब्दाचा मूळ अर्थ 'इच्छा असणं', 'शॅल'चा मूळ अर्थ 'देणं लागणं, बांधील असणं' आणि 'गोइंग टू' म्हणजे तर सरळ 'कडे चाललेलं असणं'. इच्छा, बांधिलकी आणि वाटचाल या आजच्या गोष्टी आहेत. त्यांच्याच आधारानं इंग्रजी माणूस उद्याबद्दल बोलतो.

तक्ता आला कुठून?

'आय' आणि 'वुई'बरोबर 'शॅल', बाकी सगळ्यांबरोबर 'विल' हा नियम आपल्यापैकी बहुतेकांनी पाठ केला आहे. त्याचा उगम गणिताच्या शिक्षकांना आवडेल असा आहे. अनंताचं ∞ हे चिन्ह १६५५ साली वापरात आणणारे ऑक्सफर्डचे भूमितीचे प्राध्यापक जॉन वॉलिस यांनी त्याआधी दोन वर्षं, १६५३ साली, इंग्रजीचं एक व्याकरण लिहिलं होतं, तेही लॅटिन भाषेत आणि परदेशी लोकांसाठी. त्यात त्यांनी सांगितलं की, पहिल्या पुरुषी 'शॅल' नुसतं भाकीत सांगतो आणि 'विल' वचन किंवा धमकी देतो. दुसऱ्या व तिसऱ्या पुरुषी याच्या उलट. पुढच्या व्याकरणकारांनी हा नियम उचलला आणि तो शाळाशाळांतून रुजला.

पण लोक खरोखर तसं बोलत होते का? अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ चार्ल्स फ्राइज यांनी इंग्रजी आणि अमेरिकन नाटकांतले संवाद तपासले आणि १९२५ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. साध्या विधानांत 'आय'बरोबरही 'विल'च जास्त आढळला. आज 'शॅल' मुख्यतः 'शॅल आय ओपन द विंडो?' अशा विचारणेत आणि कायद्याच्या भाषेत उरला आहे. 'आय शॅल गो' हे चूक नाही, पण तेच एक बरोबर, असंही नाही.

पुरावा काय?

आमच्यातल्या विज्ञान शिक्षकानं हा सगळा गुंता ऐकून एक प्रश्न विचारला: "गोष्ट कधी घडणार हे बाजूला ठेवा. बोलणाऱ्याकडे आज पुरावा काय आहे?" हा प्रश्न विचारला की बराचसा गुंता सुटतो. चार पायऱ्या करून पाहू.

पहिली पायरी: वेळापत्रक. गोष्ट छापील वेळापत्रकात आहे, आपल्या इच्छेचा प्रश्नच नाही. 'द बस लीव्हज ॲट हाफ पास्ट सिक्स टुमॉरो.' मराठीतही 'सुटते'. दोन्हीकडे साधा वर्तमानकाळ.

दुसरी पायरी: ठरलेला बेत. दुसऱ्या माणसाशी बोलणं झालंय, तिकीट काढलंय, निरोप गेलाय. 'आय ॲम गोइंग टू माय आंट्स हाउस टुमॉरो.' मराठीत 'मी उद्या आत्याकडे चालले आहे.' आमच्या विद्यार्थिनीनं नेमकं हेच म्हटलं होतं. बेत पक्का होता, म्हणून तिनं ते रूप निवडलं. 'आय शॅल गो' म्हणायला लावून आम्ही तिच्या वाक्यातला हा पक्केपणाच काढून टाकला.

तिसरी पायरी: मनातला इरादा किंवा डोळ्यांसमोरची खूण. आभाळ काळंकुट्ट झालंय, वारा सुटलाय. 'लुक ॲट दोज क्लाउड्स! इट इज गोइंग टू रेन.' मराठीत 'पाऊस पडणार'. तसंच 'आय ॲम गोइंग टू लर्न स्विमिंग', म्हणजे 'मी पोहायला शिकणार आहे'. शिकवणी लागलेली नाही, पण मनानं घेतलंय.

चौथी पायरी: अंदाज, वचन आणि जागच्या जागी घेतलेला निर्णय. इथे 'विल'. 'आय थिंक इट विल रेन टुमॉरो', 'उद्या पाऊस पडेल असं वाटतं'. समोर ढग नाहीत, नुसतं मत आहे.

तिसऱ्या आणि चौथ्या पायरीतला फरक मुलांना समजावायला मराठीतलं '-णार' आणि '-ईल' फार उपयोगी पडतं. भिंतीवर चढलेल्या मुलाला आपण ओरडतो, "अरे, पडशील!" त्यात एक न बोललेली अट आहे: उतरला नाहीस तर. इंग्रजीत 'यू विल फॉल!' पण त्याचा तोल गेलेला दिसला, तर शेजारच्याला म्हणतो, "पडणार तो!" इंग्रजीत 'ही इज गोइंग टू फॉल!'

मात्र ही जोडी सगळीकडे जुळत नाही, हेही मुलांना सांगायला हवं. दाराची कडी वाजते आणि आपण म्हणतो, "थांब, मी उघडतो." मराठीत वर्तमानकाळ. इंग्रजीत मात्र 'आय विल ओपन इट', कारण निर्णय याच क्षणी झाला. 'मी देतो आणून' याचंही तेच, 'आय विल ब्रिंग इट'. आपली मुलं इथे 'आय ब्रिंग' म्हणतात ती मराठीच्या सवयीनं. आणि निरोप घेतानाच्या 'येतो'चं तर भाषांतरच होत नाही. तिथे 'सी यू टुमॉरो' म्हणून मोकळं व्हावं.

असेल आणि झालेलं असेल

पाठ्यपुस्तकातले 'अपूर्ण भविष्यकाळ' आणि 'पूर्ण भविष्यकाळ' मुलांना अवघड वाटतात ते नावांमुळे. वेळेची एक रेघ फळ्यावर काढा आणि तिच्यावर उद्या सकाळी दहाला एक खूण करा. त्या खुणेपाशी काम चालू असेल, तर 'ॲट टेन वुई विल बी रायटिंग द पेपर', आपण पेपर लिहीत असू. त्या खुणेच्या आत काम संपलेलं असेल, तर 'बाय टेन वुई विल हॅव फिनिश्ड', आपलं संपलेलं असेल. 'ॲट' म्हणजे खुणेवर, 'बाय' म्हणजे खुणेपर्यंत. या दोन छोट्या शब्दांवर लक्ष ठेवलं की रूप बहुधा चुकत नाही.

गंमत म्हणजे हीच रूपं दोन्ही भाषांत आताबद्दलच्या तर्कासाठीही चालतात. दुपारी गेलेल्या दादाबद्दल रात्री आई म्हणते, "एव्हाना पोचला असेल." इंग्रजीत 'ही विल हॅव रीच्ड बाय नाउ.' यात भविष्य मुळीच नाही, केवळ अनुमान आहे.

'जेव्हा येईल तेव्हा' की 'आला की'?

वह्या तपासताना सर्वांत जास्त लाल शाई कुठे खर्च होते? 'व्हेन ही विल कम, आय विल गो' या वाक्यावर. इंग्रजीत 'व्हेन', 'इफ', 'आफ्टर', 'बिफोर', 'अन्टिल' यांनी सुरू होणाऱ्या कालवाचक आणि अटीच्या उपवाक्यात सहसा 'विल' येत नाही. 'व्हेन ही कम्स, आय विल गो.'

ही चूक होते कारण आपण मुलांना 'जेव्हा तो येईल तेव्हा मी जाईन' असं पुस्तकी मराठी भाषांतराला देतो. घरात कुणी असं बोलत नाही. घरात म्हणतात, "तो आला की मी जाईन", "पाऊस पडला तर सहल रद्द होईल." 'आला की', 'पडला तर' यांत मराठीसुद्धा भविष्यकाळाचं रूप टाळतेच आहे. मराठीनं भूतकाळाचं रूप घेतलं, इंग्रजीनं वर्तमानकाळाचं. तेव्हा भाषांतराचं वाक्य देताना 'आला की' असं द्या. मुलं बघतील की पहिल्या तुकड्यात दोन्ही भाषांत भविष्य नाही. आमच्या वर्गात ही चूक यानं पुष्कळ कमी झाली.

वर्गात करून पहा

१. खिडकीची वही. रोज तासाच्या सुरुवातीला खिडकीतून बाहेर पाहून दोन वाक्यं लिहायची: एक 'गोइंग टू'चं, ज्याची खूण आत्ता दिसते आहे, आणि एक 'विल'चं, जो नुसता अंदाज आहे. प्रत्येक वाक्याखाली 'पुरावा' असं लिहून मराठीत कारण द्यायचं. दुसऱ्या दिवशी किती खरी ठरली ते मोजायचं. महिनाअखेर विज्ञानाच्या तासाला दोन्ही प्रकारांची तुलना करा. पुराव्याची वाक्यं अधिक वेळा खरी ठरली का?

२. चिठ्ठ्यांचा खेळ. 'आजी आजारी आहे असं आत्ताच कळलं', 'शनिवारी मामाबरोबर जत्रेला जायचं ठरलंय', 'गाडीचं वेळापत्रक हातात आहे', 'मित्राची पिशवी जड आहे' अशा परिस्थिती चिठ्ठ्यांवर मराठीत लिहा. चिठ्ठी उचलणाऱ्यानं एक इंग्रजी वाक्य बोलायचं आणि वर्गानं पायरी ओळखायची. एका चिठ्ठीला दोन उत्तरं बरोबर असू शकतात. अशा वेळी अर्थात काय फरक पडला ते विचारा, उत्तर खोडू नका.

३. धूमकेतूचं वर्ष. एडमंड हॅले यांनी १७०५ साली प्रसिद्ध केलेल्या गणितातून १६८२चा धूमकेतू १७५८च्या सुमारास परत येईल असं भाकीत केलं. ते १७४२ साली वारले. धूमकेतू १७५८च्या नाताळात दिसला. हे 'विल' नुसत्या मताचं नव्हतं, त्यामागे न्यूटनचे नियम होते. तोच धूमकेतू जुलै २०६१च्या अखेरीस पुन्हा सूर्याच्या सर्वांत जवळ असेल. तेव्हा आपलं वय काय असेल ते प्रत्येकानं काढायचं आणि तीन वाक्यं लिहायची: 'व्हेन द कॉमेट कम्स, आय विल बी ...', 'आय विल बी लिव्हिंग ...', 'बाय देन आय विल हॅव ...'. वरचे सगळे नियम या तीन वाक्यांत येतात आणि मुलं मनापासून लिहितात.

आमच्या त्या विद्यार्थिनीची आम्ही वर्गासमोर चूक कबूल केली होती. धूमकेतूच्या दिवशी तिनं लिहिलं, "व्हेन द कॉमेट कम्स, माय आंट विल बी एटी. आय विल टेक हर टू द टेरेस." आणि ते तिनं मोठ्यानं वाचूनही दाखवलं.

एक व्यावहारिक मुद्दा राहिला. परीक्षेत 'साध्या भविष्यकाळात रूपांतर करा' असा प्रश्न आला, तर मुलांनी 'विल' वापरूनच उत्तर लिहावं. तिथे ते रूपच विचारलेलं आहे. पण बोलताना आणि निबंध लिहिताना त्यांनी दुसरी बरोबर रीत वापरली, तर ती खोडण्याआधी आपण एक प्रश्न जरूर विचारावा: "हे तुला कशावरून माहीत?" उत्तर आलं, की रूप बरोबर आहे की नाही ते आपोआप कळतं.

हे उपक्रम आपल्या वर्गात करून पहा. कुठली जोडी जुळली, कुठली मोडली, तेही आम्हाला कळवा.