गाडीचे वय की गाडीचा धूर?

मोटार वाहन कायदा, १९८८ हा १ जुलै १९८९ पासून देशभर लागू झाला. त्यात खासगी गाडीच्या नोंदणीला पंधरा वर्षांची मुदत ठरली. मुदत संपली की गाडी आरटीओत दाखवायची, पासिंग करून घ्यायचे आणि पुढची पाच वर्षे पदरात पाडून घ्यायची. जुन्या गाड्यांबाबत त्यानंतर झालेल्या जवळजवळ प्रत्येक नियमाची मुळे या पंधरा वर्षांत आहेत. साडेतीन दशकांनी मागे वळून पाहिले, तर कोल्हापूरकराला सरकारने वारंवार विचारलेला प्रश्न एकच दिसतो : गाडी किती वर्षांची? ती धूर किती सोडते आणि तो कोणत्या गल्लीत सोडते, हे मात्र फार क्वचित विचारले गेले.

कायदा आला तेव्हाचे कोल्हापूर आठवावे. पहाटे खेड्यांतून एम-एटी दुचाकीला कॅन लटकवून दूधवाले शहरात उतरत. कावळा नाक्यावर आणि रंकाळा स्टँडजवळ वडापच्या जीपा भरत. गळीत हंगामात उसाच्या ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्ते अडवत. रिक्षा आणि मोपेड बहुतेक टू-स्ट्रोक होत्या, म्हणजे इंधनाबरोबर तेलही जाळणाऱ्या. पेट्रोलमध्ये शिसे होते. ते देशभरातून पूर्णपणे गेले १ फेब्रुवारी २००० रोजी. डिझेलमधल्या गंधकाची मर्यादा २००० साली दहा लाख भागांत २५०० भाग होती. २०२० मध्ये ती दहावर आली. या एका आकड्याने शहराच्या हवेवर किती उपकार केले, हे फारसे कुणी सांगत नाही. इंधन स्वच्छ झाले की नवी-जुनी प्रत्येक गाडी थोडी कमी धूर सोडते. जुन्या गाडीच्या मालकाला एक रुपयाही न मागता झालेली ही सुधारणा होती.

इंजिनांचे नियम त्याच वेगाने पुढे गेले, पण सगळीकडे एकाच वेळी नाही. एप्रिल २०१० मध्ये भारत स्टेज ४ हे मानक तेरा शहरांत आले. त्यात मुंबई, पुणे आणि सोलापूर होते, कोल्हापूर नव्हते. उरलेल्या देशाबरोबर कोल्हापूरला त्या वेळी स्टेज ३ मिळाले. स्टेज ४ देशभर सक्तीचे व्हायला १ एप्रिल २०१७ उजाडला. त्याआधी तीनच दिवस सर्वोच्च न्यायालयाने स्टेज ३ च्या न विकलेल्या गाड्यांची त्या तारखेपासूनची विक्रीही थांबवली. स्टेज ५ वगळून १ एप्रिल २०२० ला थेट स्टेज ६ आले. परिणामी, २०१४ सालची पुण्यातली गाडी आणि त्याच साली कोल्हापूरचा एमएच-०९ क्रमांक घेतलेली गाडी वयाने जुळ्या असूनही वेगवेगळ्या मानकाच्या असू शकतात. वयावरून धूर ओळखता येत नाही, याचा याहून सोपा पुरावा नाही.

धूर मोजायची सोय नव्हती असे नाही. पीयूसी होती, आजही आहे. पण तिचे माप पाहा. स्टेज २ च्या आधीच्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइड तीन टक्क्यांपर्यंत चालतो, स्टेज ४ च्या गाडीला ०.३ टक्के. म्हणजे जुन्या गाडीला दहापट सूट आणि हातात ‘पास’ असे प्रमाणपत्र. डिझेल गाडीचा ॲक्सिलरेटर दाबून धुराचा काळेपणा तेवढा पाहिला जातो. फुप्फुसात खोल जाणारे सूक्ष्म कण आणि नायट्रोजनचे ऑक्साइड या चाचणीत मोजलेच जात नाहीत. २०१९ च्या दुरुस्तीने पीयूसी नसल्याचा दंड दहा हजार रुपयांपर्यंत नेला. दंड वाढला, चाचणी होती तिथेच राहिली.

महाराष्ट्राने २०१० मध्ये वेगळी वाट धरली आणि पंधरा वर्षांवरच्या खासगी व आठ वर्षांवरच्या व्यावसायिक वाहनांवर पर्यावरण कर लावला. पाच वर्षांसाठी दुचाकीला २००० रुपये, पेट्रोल मोटारीला ३०००, डिझेल मोटारीला ३५००. कर भरला की गाडी पूर्वीसारखीच महाद्वार रोडवर. करामागचा हेतू चांगला होता. पण जो महिन्यातून एकदा गाडी काढतो आणि जो रोज शंभर किलोमीटर धूर सोडत फिरतो, त्या दोघांना एकच आकडा लावला की कराचा पर्यावरणाशी असलेला संबंध सुटतो.

याच काळात दिल्लीत कडक पावले पडली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१४ मध्ये पंधरा वर्षांवरच्या सर्व गाड्यांवर आणि २०१५ मध्ये दहा वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर बंदी घातली. ऑक्टोबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम ठेवली. तिथे रस्त्यावरून उतरलेल्या कितीतरी गाड्या ना-हरकत प्रमाणपत्र घेऊन इतर राज्यांत गेल्या. एका शहराने दार लावले की धूर लहान शहरांकडे सरकतो, हा दिल्लीचा धडा कोल्हापूरसारख्या गावाने नीट वाचायला हवा होता.

जगात मात्र दुसरी पद्धत रुळत होती : माणसाची दाट वस्ती जिथे, तिथे सीमा आखायची आणि त्या सीमेत मानक पाळायला लावायचे. स्टॉकहोमने १९९६ मध्ये जड डिझेल वाहनांपासून सुरुवात केली. २००८ मध्ये बर्लिन आणि लंडनने आपापले क्षेत्र आखले. लंडनने २०१९ मध्ये पेट्रोलला युरो ४ आणि डिझेलला युरो ६ अशी अट घालून ती न पाळणाऱ्या गाडीला दिवसाला साडेबारा पौंड आकार लावला. ऑगस्ट २०२३ मध्ये हा नियम सगळ्या लंडनभर गेला. चाळीस वर्षांवरच्या ऐतिहासिक गाड्यांना तिथे सूट आहे. नियम वयाला नाही, मानकाला आणि जागेला बांधलेला आहे. आपल्याकडे जागेला बांधलेला नियम शोधायचा तर माथेरानकडे जावे लागते. तिथे पर्यटकांच्या गाड्या दस्तुरीलाच थांबतात.

कोल्हापूरच्या हवेकडे सरकारी लक्ष गेले जानेवारी २०१९ मध्ये. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमाच्या पहिल्या यादीतच हे शहर होते, शेजारची सांगलीही होती. सलग पाच वर्षे हवा राष्ट्रीय मानकात न बसलेल्या शहरांची ही यादी. धूलिकणांची वार्षिक मर्यादा घनमीटरला ६० मायक्रोग्रॅम. इथली मोजणी शिवाजी विद्यापीठ, रुईकर ट्रस्ट आणि महाद्वार रोड या ठिकाणी होते. रस्त्याची धूळ, बांधकाम, फाउंड्री, उघड्यावर पेटवलेला कचरा आणि वाहने, असे अनेक हात या प्रदूषणाला लागले आहेत. सगळा दोष जुन्या गाड्यांवर टाकणे अन्यायाचे आहे, पण अंबाबाईच्या मंदिराभोवतीच्या अरुंद रस्त्यांवर नाकाशी येतो तो सायलेन्सरचाच धूर.

पुढे २०२१ पासून नियमांची रीघ लागली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये वाहन भंगार धोरण आले. १ एप्रिल २०२२ पासून जुन्या मोटारीची फेरनोंदणी फी ६०० वरून ५००० रुपयांवर गेली. १ एप्रिल २०२३ पासून पंधरा वर्षांवरच्या सरकारी गाड्यांची नोंदणी रद्द झाली. त्यात महापालिका आणि एसटीच्या बसही आल्या. मुंबईत तर टॅक्सींच्या वयोमर्यादेमुळे ऑक्टोबर २०२३ अखेर शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी निवृत्त झाली. ऑगस्ट २०२५ मध्ये वीस वर्षांवरच्या मोटारीची फी दहा हजार झाली. त्याच वर्षी २०१९ पूर्वीच्या गाड्यांना हाय सिक्युरिटी नंबरप्लेट बसवण्याची मुदत महाराष्ट्रात पुन्हा पुन्हा वाढवावी लागली.

या गर्दीत एक नियम मला मनापासून आवडला. जुलै २०२१ मध्ये पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळाली. त्यांनी रोजच्या कामाला फिरायचे नाही. प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती, इंधन एवढ्यासाठीच बाहेर पडायचे. दसरा चौकातल्या शाही सोहळ्यात छत्रपती घराण्याची मेबॅक मोटार पाहायला लोक गर्दी करतात, ते उगाच नाही. जुने यंत्र हा या शहराचा जिव्हाळ्याचा विषय आहे. गाडी ठेवण्याचा हक्क आणि ती रोज वापरण्याचा हक्क वेगळे आहेत, हे या नियमाने पहिल्यांदा स्पष्ट केले.

न्यायालयाचे पाऊलही आता गाडीच्या वयापलीकडे पाहण्याच्या दिशेला पडते आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीतल्या जुन्या गाड्यांवर सक्तीची कारवाई थांबवली आणि डिसेंबरमध्ये ते संरक्षण स्टेज ४ व त्यापुढच्या गाड्यांपुरते ठेवले. दहा-पंधरा वर्षांचा हिशेब मागे पडून मानकाचा हिशेब पुढे आला. या मागोव्यातला सर्वांत महत्त्वाचा बदल मला हाच वाटतो.

कोल्हापूरने आता वाट पाहू नये. नवरात्रात मंदिराभोवतीचे रस्ते वाहनांना बंद असतात, शहर ते दहा दिवस निभावते, व्यापारीही निभावतात. महाद्वार रोड, ताराबाई रोड, भवानी मंडप, बिंदू चौक आणि शिवाजी चौक एवढ्या भागात वर्षभरासाठी मानकाचा नियम आणता येईल. सुरुवात डिझेल बस आणि मालवाहू गाड्यांपासून करावी, कारण त्या दिवसभर फिरतात आणि संख्येने मोजता येतात. शहरासाठी मंजूर झालेल्या ई-बस आधी याच मार्गांवर धावाव्यात. निपाणी-चिकोडीकडून येणाऱ्या केए-२३ च्या गाडीलाही तोच नियम लावावा, नाहीतर एमएच-०९ वाल्याने तो का पाळावा? दूधवाल्याच्या दुचाकीला मात्र शेवटी हात घालावा आणि तोही बदलीसाठी मदत देऊन.

टोलविरोधी आंदोलनाने या शहराचा स्वभाव राज्याला दाखवला आहे. न विचारता लादलेली वसुली कोल्हापूर सोसत नाही. म्हणून पहिल्या दिवशी पावती पुस्तक नको, धूर मोजणारे यंत्र हवे. उद्यमनगरात तीन-तीन पिढ्या इंजिन उघडून बसवणारे कारागीर आहेत. त्यांच्या हातात चांगली तपासणी यंत्रे दिली, तर दुरुस्त होण्याजोगी गाडी दुरुस्त होईल आणि न होणारी भंगारात जाईल. पस्तीस वर्षे आपण जुन्या गाडीकडून पैसे घेतले आणि तिला सोडून दिले. यापुढे प्रत्येक गाडीला, मग ती पाच वर्षांची असो की पंचवीस, तिच्या धुराबद्दल उत्तर द्यावे लागेल असा नियम हवा. तो कोल्हापुरात सुरू झाला, तर सांगली, सोलापूर आणि पुण्यालाही तो इथून शिकता येईल.