दिवे लागतात, मग गाडी सुरू का होत नाही?

काल संध्याकाळपर्यंत पळालेली गाडी सकाळी किल्ली फिरवूनही ढिम्म राहते, तेव्हा भोवती जमलेल्या प्रत्येकाकडे निदान तयार असतं. ‘बॅटरी बसली’, ‘पेट्रोलात पाणी आहे’, ‘आता ही विकून टाका’. इनामगाव, न्हावरे, मांडवगण या घोड-भीमेच्या पट्ट्यात जुनी मारुती 800, ओम्नी, इंडिका, सुमो आजही रोजच्या कामाची आहे. दवाखाना, लग्नकार्य, शिरूर-दौंडचा बाजार तिच्यावरच होतो. मेकॅनिक बाहेरगावाहून यायचा तर निम्मा दिवस जातो, आणि तोवर ऐकीव निदानावर चांगली बॅटरी बदलून मोकळे होणारे खूप आहेत. हा पैसा वाचण्यासारखा आहे.

सुरुवात एकाच प्रश्नाने करायची: सेल्फ फिरतोय का? फिरत नसेल तर दोष बहुधा विजेचा. सेल्फ जोमात फिरतोय पण इंजिन पकडत नाही, तर इंधन किंवा स्पार्क बघायचा. या दोन वाटांची सरमिसळ झाली की खर्च वाढतो.

‘हेडलाइट लागतो, हॉर्न वाजतो, म्हणजे बॅटरी चांगली’ हा सगळ्यात पसरलेला गैरसमज. हेडलाइटचा एक बल्ब साधारण 5 अँपिअर करंट घेतो. सेल्फला मात्र 100 अँपिअरहून जास्त लागतो. उतरलेली बॅटरी दिवा लावते, इंजिन फिरवू शकत नाही. तेव्हा गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला, हेडलाइट चालू ठेवून सेल्फ मारा आणि समोरच्या भिंतीवरचा उजेड बघा. उजेड एकदम मंदावला तर बॅटरी उतरली आहे किंवा जोडणी सैल आहे. क्वचित सेल्फच जाम असतो. उजेड तसाच राहून नुसतं ‘टक’ झालं तर सेल्फ किंवा त्याचा सोलेनॉइड तपासायचा. उजेड तसाच आणि आवाजही नाही, तर किल्लीचा स्विच, रिले, बारीक वायर.

मल्टिमीटर असेल तर अंदाजाची गरजच नाही. रात्रभर उभ्या गाडीची भरलेली बॅटरी 12.6 व्होल्टच्या आसपास दाखवते, 12 व्होल्ट म्हणजे जवळजवळ रिकामी. सेल्फ मारताना आकडा 9.6 च्या खाली घसरला तर तिच्यात दम उरलेला नाही. इंजिन चालू असताना 13.8 ते 14.5 दिसायला हवेत. तेवढे नसतील तर दोष अल्टरनेटरचा किंवा त्याच्या पट्ट्याचा, आणि नवी बॅटरी टाकली तरी ती पुन्हा बसणारच.

त्याआधी टर्मिनल. जुन्या गाडीत मी सर्वात आधी इथेच हात घालतो. शिशाच्या खुंटीवर पांढरा-हिरवा थर चढलेला असतो आणि क्लॅम्प हाताने पिळला तरी फिरतो. आधी निगेटिव्ह म्हणजे काळी वायर सोडायची, जोडताना ती शेवटी. बॅटरीची झाकणं घट्ट आहेत हे पाहून कोमट पाण्यात खायचा सोडा कालवून थरावर ओतला की तो फसफसून सुटतो. मग पॉलिश पेपरने खुंटी आणि क्लॅम्पची आतली बाजू चकचकीत करा, घट्ट आवळा, आणि वरून व्हॅसलीन लावा. काळ्या वायरचं दुसरं टोक बॉडीला आणि इंजिनला जिथे बोल्टने पक्कं केलेलं असतं, तिथला गंजही काढा. हे अर्थिंग कुणी बघतच नाही. बॅटरीत बोअरचं पाणी मात्र कधीही घालू नका. त्यातले क्षार प्लेटा खातात. डिस्टिल्ड वॉटरच घालायचं, आणि ॲसिडही वरून ओतायचं नाही.

‘धक्क्याने सुरू झाली, म्हणजे बॅटरीच गेली’ हेही खरं नाही. धक्का फक्त सेल्फला वगळतो, त्यामुळे दोष सेल्फमध्येही असू शकतो. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीची बॅटरी पूर्ण मेलेली असेल तर पंप आणि कॉम्प्युटरच चालत नाहीत, मग पोरांना दमवण्यात अर्थ नाही. शिवाय वारंवार धक्का दिल्याने न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तो खराब होतो. त्यापेक्षा ट्रॅक्टरच्या बॅटरीवरून जंप द्या. ती 12 व्होल्टचीच असते. मोठ्या ट्रकची व्यवस्था 24 व्होल्टची, ती जोडू नका. काळ्या केबलचं शेवटचं टोक उतरलेल्या बॅटरीला न लावता इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावायचं, कारण बॅटरीतून निघणारा हायड्रोजन ठिणगीने पेटतो.

आता इथेनॉल. घोडगंगेपासून भीमा-पाटसपर्यंत साखर कारखान्यांचा हा मुलूख, आणि ज्या उसावर तो जगतो, त्याच उसापासून इथेनॉल बनतं. म्हणून ‘20 टक्के इथेनॉलने गाडी बंद पाडली’ हे वाक्य इथे जास्तच टोचतं. वस्तुस्थिती दोन्ही बाजूंना आहे. 2023 च्या आधीच्या बहुतेक गाड्या ई-20 साठी बनलेल्या नव्हत्या. नीती आयोगाच्या 2021 च्या अहवालात इथेनॉलविरहित पेट्रोलसाठी बनलेल्या चारचाकीचं ॲव्हरेज 6 ते 7 टक्के घटेल असं म्हटलं होतं. जुने रबरी पाइप आणि कार्बोरेटरचे गॅस्केटही हळूहळू खराब होतात. पण हे महिन्यांचं काम आहे. रात्रीत गाडी बंद पडली तर आधी दुसरीकडे बघा. अपवाद एकच: टाकीत पाणी शिरलं तर इथेनॉल ते ओढून घेतं, प्रमाण वाढलं की दोन्ही मिळून तळाला बसतात, आणि पंप तेच उचलतो. महिनोन्‌महिने उभ्या गाडीत ही शक्यता धरा.

इंजिन पकडेना की ॲक्सिलरेटर दाबत सुटतात. कार्बोरेटरच्या गाडीत प्रत्येक दाबेला पेट्रोल आत फवारलं जातं आणि प्लग भिजतात. पेट्रोलचा वास आला तर दहा मिनिटं थांबा, मग पेडल पूर्ण दाबून धरून सेल्फ मारा. इंजेक्शनच्या गाडीत अशा पंपिंगचा काही उपयोग नाही. तिथे किल्ली ऑन केल्यावर मागून पंपाची दोनेक सेकंदांची घरघर ऐका. ती नसेल तर फ्यूज आणि रिले बघा. ऊसतोडीनंतर उघडे पडलेले उंदीर बॉनेटखाली शिरतात, तेव्हा कुरतडलेली वायरही शोधा.

डिझेल गाडीत टाकी कोरडी झाली असेल तर डिझेल भरूनही ती लगेच सुरू होत नाही, पाइपमधली हवा काढावी लागते. थंडीत हीटर प्लग तापू द्या. ईथरचा स्प्रे मात्र नको. तापलेल्या हीटरवर तो भडकतो.

सेल्फ नेहमीपेक्षा हलका, एकसारखा फिरतोय आणि इंजिनचा दाबच जाणवत नाही, तर टायमिंग बेल्ट तुटल्याची शंका घ्या. मग पुन्हा सेल्फ मारायचा नाही, धक्काही द्यायचा नाही. गिअर न्यूट्रलला टाकून गाडी ओढून गॅरेजला न्यायची.