कोड उडवण्याआधी

माझ्या २०१३ च्या पेट्रोल सेडानचा चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. मेकॅनिकने स्कॅनर लावला, "ऑक्सिजन सेन्सर गेलाय" म्हणाला, नवा बसवला आणि मोबाइलवरचं बटण दाबून कोड उडवला. दिवा विझला. पाचव्या दिवशी तो परत लागला, तेव्हा जुना, धडधाकट सेन्सर माझ्या डिकीत पडून होता. जुन्या गाड्यांवर असा पैसा रोज वाया जातो आणि तो एका समजापायी: कोड म्हणजे गेलेल्या पार्टचं नाव.

कोड सांगतो ती तक्रार. माझा कोड होता पी-०१७१, म्हणजे मिश्रण पातळ. हवेच्या मानाने पेट्रोल कमी. सायलेन्सरकडे निघालेल्या धुरात ऑक्सिजन जास्त उरतोय ही खबर पुढचा ऑक्सिजन सेन्सर देतो. मग ईसीएम, म्हणजे इंजिन सांभाळणारा संगणक, पेट्रोल वाढवत जातो आणि ही वाढ मर्यादेबाहेर गेली की कोड नोंदवतो. खबर देणाऱ्यालाच बदलून काय साधणार? फ्युएल पंपाचं प्रेशर पडलेलं असो, इंजेक्टर चोंदलेले असोत, हवा मोजणारा सेन्सर मळलेला असो की इंजिन कुठून तरी फुकटची हवा ओढत असो, कोड हाच येतो.

खरं कारण कोडच्या शेजारच्या आकड्यांत होतं. कोड नोंदवताना ईसीएम त्या क्षणाची स्थितीही जपून ठेवतो. त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. माझ्या गाडीची सांगत होती: कूलंट ८९ अंश, वेग शून्य, इंजिन ७८० आरपीएम. म्हणजे तक्रार उभ्या गाडीची. मग इंजिन चालू ठेवून फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीएम पेट्रोल किती टक्के वाढवतोय-घटवतोय ते आकडे, बघितले. आयडलला तात्कालिक आणि दीर्घकालीन अशा दोन्ही ट्रिमची बेरीज अधिक २३ टक्के. अ‍ॅक्सिलरेटर देऊन २,५०० आरपीएमवर नेलं की अधिक ४. पंप किंवा इंजेक्टर कमी पडत असते तर जास्त पेट्रोल लागताना हा आकडा वाढला असता. इथे उलटं होत होतं. माझ्या गाडीत हवा एअर फिल्टरपाशी मोजली जाते. त्याच्यापुढे शिरलेली हवा हिशेबात येत नाही. आयडलला एकूण हवाच थोडी, त्यामुळे बारीकशी चीरही भारी पडते. गॅरेजच्या भाषेत, गाडी हवा घेत होती. इंजिनमधले वायू परत जळायला नेणाऱ्या पीसीव्ही व्हॉल्व्हची रबरी नळी वळणाशी खालच्या बाजूने चिरली होती. बोटाने दाबून धरली की आयडलचा आवाज बदलायचा.

पहिल्या खेपेला कोड उडवला तेव्हा फ्रीझ फ्रेमही गेली होती. "कोड उडवला तर बिघडतं काय?" असं विचारणाऱ्यांना मी हेच सांगतो. त्या एका बटणाने कोड, फ्रीझ फ्रेम आणि ईसीएमच्या सगळ्या स्व-तपासण्यांचे निकाल पुसले जातात. म्हणून आधी स्क्रीनचा फोटो काढा, मग काय ते दाबा. दिवा लगेच परत आला नाही म्हणून दोष गेला असंही समजू नका. बऱ्याच दोषांसाठी ईसीएम लागोपाठच्या दोन फेऱ्यांत तीच खोट दिसायची वाट बघतो. पहिल्या फेरीत ती नुसती 'पेंडिंग' म्हणून टिपलेली असते. उलट दुरुस्ती खरी असेल तर साधारण तीन निर्दोष फेऱ्यांनंतर दिवा आपणहून विझतो. जुना कोड स्मरणातून जायला मात्र सुमारे ४० वेळा इंजिन गार होऊन पुन्हा तापावं लागतं.

बॅटरीची वायर काढून कोड घालवणं हाही तसलाच उपाय. पुरावा जातोच, वर शिकलेलं आयडलिंग विसरल्याने काही गाड्या दोन-तीन दिवस सिग्नलला बंद पडतात.

दिवा सारखा पेटलेला असणं आणि लुकलुकणं यांत मोठा फरक आहे, आणि तो ठाऊक नसेल तर मोठा खर्च पदरात पडतो. स्थिर दिव्यावर, टेम्परेचर आणि ऑइल ठीक असेल तर, गॅरेजपर्यंत जाता येतं. लुकलुकणारा दिवा म्हणजे इंजिन जोरात मिसिंग मारतंय: न जळलेलं पेट्रोल कॅटलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे पेटतं आणि आतली जाळी वितळू शकते. दोन-अडीच हजारांची इग्निशन कॉइल टाळायला जाऊन कित्येक हजारांचा कन्व्हर्टर जातो. अशा वेळी वेग कमी करा, जागा बघून गाडी बाजूला घ्या.

स्कॅनर लावायचं सोळा पिनांचं सॉकेट दिसलं की कुठलाही स्कॅनर चालणार, असंही अनेकांना वाटतं. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून गाडीच्या स्व-तपासणीचं ओबीडी-२ हे मानक सक्तीचं झालं. आपल्याकडे बीएस-४ गाड्यांना एप्रिल २०१० पासून ओबीडी-१ आणि एप्रिल २०१३ पासून ओबीडी-२ लागू झालं. त्याआधीच्या अनेक गाड्यांत सॉकेट तसंच दिसतं, पण आतली भाषा कंपनीची स्वतःची असते. तिथे स्वस्तातला ब्लूटूथ अडॅप्टर 'कनेक्ट' होत नाही म्हणून ईसीएम गेला असं कोणी म्हणालं तर ऐकू नका. त्या कंपनीचा स्कॅनर असलेलं गॅरेज गाठा. आणि अडॅप्टर सॉकेटमध्येच ठेवून गावाला जाऊ नका. सोळाव्या पिनेला किल्ली बंद असतानाही बॅटरीचा पुरवठा असतो. दोन-तीन आठवड्यांत जुनी बॅटरी मान टाकू शकते.

पीयूसी मिळालं म्हणजे कोड नाहीत, हा समजही सोडून द्या. पेट्रोल गाडीच्या पीयूसीत सायलेन्सरमधून येणारा धूर मोजतात, कोड कोणी वाचत नाही.

सेकंडहँड गाडी बघायला जाल तेव्हा 'एकही कोड नाही' एवढ्यावर विश्वास ठेवू नका. स्कॅनरवर रेडिनेस मॉनिटर, म्हणजे ईसीएमच्या स्व-तपासण्या पूर्ण झाल्यात की नाही ते, बघा. बहुतेक 'अपूर्ण' दिसले तर कोड नुकतेच उडवलेत किंवा बॅटरी काढली होती. मालकाला कारण विचारा, चार दिवसांनी पुन्हा स्कॅन करा. त्याच्याही आधी किल्ली फिरवून, इंजिन चालू न करता मीटरकडे बघा. चेक इंजिनचा दिवा तेव्हा लागलाच पाहिजे. नाही लागला तर बल्ब उडालाय किंवा कोणीतरी काढून ठेवलाय.